शून्य लिहायला शिकलो : नाथसागर, माळरान आणि तीन हिवाळे

(पॉडकास्टच्या या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेल्या द्विरुक्त्या काढल्यात, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आज पाहुणा कोणी नाही, मी एकटाच बोलणार आहे. विषय पक्ष्यांचा आहे, पण खरं सांगायचं तर माझ्या एका चुकीचा आहे.

जे पहिल्यांदाच ऐकतायत त्यांच्यासाठी : मी छत्रपती संभाजीनगरचा. बी.टेक. केलं, आता एका कंपनीत बॅकएंडचं काम करतो, बरंचसं घरूनच. म्हणजे दिवसभर लॉग वाचायचे, कुठे काय फाटलंय ते शोधायचं. पक्षी बघायचा नाद लागून तीन वर्षं झाली. सुरुवात सगळ्यांची होते तशीच, सलीम अली सरोवरापासून. दिल्ली गेटजवळचा हा जुना खिजरी तलाव, त्याला नंतर डॉ. सलीम अलींचं नाव दिलं. गाडी लावली, कठड्याशी उभं राहिलो, आणि कोणाच्या तरी दुर्बिणीतून पहिल्यांदा शेकाट्या पाहिला. लालभडक लांब पाय, काटक्यांवर चालल्यासारखी चाल. त्या महिन्यात पगारातून ८ बाय ४२ ची दुर्बीण घेतली. घरी सांगितलं की ऑफिसच्या कामाची आहे.

मग ओढ लागली नाथसागराची.

नाथसागर म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय. शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर पैठण, तिथे गोदावरी अडवलीय. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते धरण राष्ट्राला अर्पण झालं. एकनाथ महाराजांच्या गावचं पाणी म्हणून नाथसागर. १९८६ साली हा परिसर पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. पाणी पूर्ण भरलं की साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास पसरतं. आता हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर पहिला हिवाळा. जानेवारी २०२४. आठवतंय ना, २०२३ चा पावसाळा कसा गेला होता? धरण अर्धंही भरलं नव्हतं. वरच्या धरणांतून पाणी सोडायचं की नाही यावर नाशिक-नगर आणि मराठवाडा यांच्यात नेहमीचा वाद पेटला होता. आणि मी, पहाटे साडेचारला बाइक काढून, कानटोपी घालून, नाथसागराच्या काठावर.

ते दृश्य मी विसरू शकत नाही. पाणी लांब आत गेलेलं, आणि मध्ये नुसता गाळ. ओला, चकाकणारा. त्या गाळावर पक्षीच पक्षी. कडेला छोटे टिलवे, मुठीत मावतील एवढे, वजन चिमणीएवढं, आणि आलेत कुठून तर उत्तर ध्रुवाकडच्या टुंड्रातून. त्यांच्या पुढे घोट्याएवढ्या पाण्यात शेकाटे. त्याच्या पुढे थापटे, फावड्यासारखी चोच पाण्यावर फिरवत. मग तलवार बदकं. चक्रवाकांच्या जोड्या, भगव्या रंगाच्या. आणि आपले वारकरी, काळं अंग आणि कपाळावर पांढरा टिळा. पैठणच्या पाण्यावर वारकरी नसतील तर कुठे असतील!

आणि सूर्य वर आल्यावर पट्टकादंब आले. ही राखाडी हंसासारखी बदकं, डोक्यावर दोन काळे पट्टे. मंगोलिया, तिबेटकडची. हिमालय ओलांडून येतात. शास्त्रज्ञांनी त्यांच्या अंगावर ट्रान्समीटर बसवून मोजलंय, ७,२९० मीटरपर्यंतची उंची नोंदली गेलीय. रात्री आणि पहाटे हे हरभऱ्याच्या, गव्हाच्या शेतात चरतात आणि दिवसा पाण्याकाठी येऊन बसतात. थव्याचा आवाज आधी येतो, थवा नंतर दिसतो.

त्या सकाळी मी दोन तासांत त्रेचाळीस जाती मोजल्या. नवशिक्याला एवढं म्हणजे लॉटरी.

दुसरा हिवाळा. जानेवारी २०२५. तीच जागा, तीच वेळ, तोच मी. फरक एवढाच की आता पक्षी जास्त ओळखता येत होते. आणि समोर? पाणी. नुसतं निळंशार पाणी, पार बाभळींच्या बुंध्यापर्यंत. दोन तासांत सतरा जाती. टिलवा एक नाही. पट्टकादंब नाही. लांब मध्ये काळे ठिपके, बदकं असतील.

मी घरी आलो आणि इंजिनिअर जे करतो ते केलं. ग्राफ काढला. दोन खांब, एक उंच, एक बुटका. वर लिहिलं, ‘नाथसागरावरचे स्थलांतरित पक्षी एका वर्षात निम्म्याहून खाली’. स्टेटसला टाकला, इन्स्टावर टाकला. लोकांनी रडके इमोजी टाकले, पुढे पाठवला. संध्याकाळपर्यंत तो ग्राफ मलाच तीन वेगवेगळ्या ग्रुपवरून परत आला.

रात्री एका सरांचा फोन आला. निवृत्त शिक्षक आहेत, मी शाळेत होतो त्याच्याही आधीपासून पक्षी बघतात. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “ग्राफ छान काढलाय तुम्ही. फक्त त्यात पाणी कुठंय?”

मी म्हटलं, “म्हणजे सर?”

“म्हणजे गेल्या वर्षी धरणात पाणी किती होतं, अन् औंदा किती आहे? रोज पेपरात येतं की. तेवढं लिहा आणि मग सांगा पक्षी कमी झाले का ते.”

मंडळी, मी लॉग वाचून पोट भरतो. दोन रन्सची तुलना करताना वातावरण सारखं आहे का हे आधी बघायचं, हे मी ज्युनिअर्सना शिकवतो. आणि इथे सगळ्यात मोठा व्हेरिएबल माझ्या डोळ्यांसमोर साडेतीनशे चौरस किलोमीटर पसरला होता, तो मी लिहिलाच नव्हता.

मग बसून गणित केलं. जायकवाडीची एकूण साठवण २,९०९ दलघमी, म्हणजे दशलक्ष घनमीटर. त्यातलं ७३८ मृतसाठा, उरलेलं २,१७१ जिवंत. आता २,९०९ ला ३५० ने भागा. सरासरी खोली येते आठ मीटरच्या आसपास. एवढं मोठं धरण आणि सरासरी खोली दोन-अडीच मजल्यांची! हे धरण म्हणजे खोल हंडा नाही, परात आहे. परातीतलं पाणी थोडं खाली गेलं तरी केवढी कड उघडी पडते बघा. ती उघडी पडलेली कड म्हणजे पक्ष्यांचं ताट. टिलव्याचे पाय दोन-तीन सेंटिमीटरचे, त्याला ओला गाळ आणि त्यातले किडे पाहिजेत. परात काठोकाठ भरली की त्याला उभं राहायलाच जागा नाही.

आणि दुसरी गोष्ट. ज्या वर्षी पाऊस चांगला, त्या वर्षी पाणी फक्त नाथसागरात नसतं. मराठवाड्यातला प्रत्येक पाझर तलाव, गावतळं, बंधारा भरलेला असतो. मग पक्षी वाटले जातात. दुष्काळात सगळी तळी आटतात आणि सगळे उरलेल्या पाण्याकडे येतात. म्हणजे मी २०२४ ला पाहिलेली ती प्रचंड गर्दी ही भरभराट नव्हती. ती टँकरभोवतीची गर्दी होती.

२०२४ च्या पावसाळ्यात धरण भरलं, सप्टेंबरात दरवाजे उघडले. शहरात लोकांनी पेढे वाटायचे बाकी ठेवले होते, कारण आपल्या नळाला येणारं पाणी तिथलंच आहे, आणि ते किती दिवसांनी येतं हे मी तुम्हाला सांगायला नको. म्हणजे बघा, माझं वाईट वर्ष हे सगळ्या जिल्ह्याचं चांगलं वर्ष होतं. आणि मी रडका ग्राफ टाकत होतो.

ग्राफ काढून टाकला. खाली चूक कबूल करणारी पोस्ट टाकली. ती कोणी पुढे पाठवली नाही, पण ते जाऊ द्या.

आता आजीबद्दल सांगतो, कारण हे तिला खूप आधीपासून माहीत होतं.

आमचं मूळ गाव आज पाण्याखाली आहे. आजी लग्न होऊन त्या गावात आली आणि सात-आठ वर्षांत गाव उठलं. नवीन गावठाण वर मिळालं, जमीन मिळाली ती मुरमाड. गोदाकाठची काळी जमीन पाण्यात गेली. घरात हा विषय रोज निघत नाही, पण विसरलेलाही कोणी नाही. २०२४ च्या जानेवारीत मी तिला फोनवरचे फोटो मोठ्या उत्साहानं दाखवले. हे बघ पट्टकादंब, हिमालयावरून येतात. तिनं फोटो दोन बोटांनी मोठा केला. पक्ष्याकडे नाही, मागे बघत होती. म्हणाली, “कोणत्या अंगाचं आहे हे? आपला आड दिसला का तुला?”

मी म्हटलं, “आजी, आड कसला, पक्षी बघ ना.”

तर म्हणाली, “बघितले रे. तुझे पाखरं येतात तवा आमच्या तोंडचं पाणी पळतं.”

तेव्हा मी हसलो होतो. वर्षभरानं, सरांच्या फोननंतर, कळलं की तिनं एका वाक्यात माझा अख्खा ग्राफ समजावला होता.

त्याच साली मे महिन्यात, धरण तळाला गेलं होतं तेव्हा, मी तिला घेऊन गेलो होतो. गाडी जाईल तिथपर्यंत गाडी, मग हात धरून. भेगाळलेला गाळ, मध्ये मध्ये गाळपेराची शेतं, खरबुजांचे वेल. घरांचे दगडी चौथरे दिसत होते. आजीनं बरोबर ओळखलं, ही मारुतीची जागा, इथून बोळ जायचा. आणि आड दिसला. गाळानं भरलेला, पण दगडी कड शाबूत. ती तिथे बराच वेळ बसली. मी पाणी दिलं, काही बोललो नाही. डोक्यावर टिटवी ओरडत घिरट्या घालत होती, म्हणजे जवळ अंडी असणार. आजीलाच दिसली, खड्यांमध्ये खड्यांसारखीच चार अंडी. मला दुर्बिणीतून दिसली नव्हती. म्हणाली, “चल, उठू. तिला अंडी उबवायचीत. आपलं काय, आपण पावणे.”

तर मंडळी, पाण्याच्या बाबतीत मी शिकलो ते हे : पक्ष्यांचा आकडा एकटा कधीच काही सांगत नाही. त्याच्या शेजारी पाणी लिहावं लागतं. आता माझ्या वहीत पहिली ओळ ठरलेली, तारीख आणि नाथसागराची पातळी फुटात. १,५२२ फूट म्हणजे पूर्ण भरलेलं. मग पक्षी.

आता दुसरा अर्धा भाग. माळरान.

नाथसागर बघून परत येताना, मुख्य रस्ता सोडून थोडं आत, एक माळ होता. जागा नेमकी सांगत नाही, कोणाची तरी खासगी जमीन आहे. कुसळी गवत, मुरूम, मध्ये एखादं हिवराचं झाड. आपण त्याला पडीक म्हणतो. सातबाऱ्यावरही पोटखराबा वगैरे असंच काहीतरी लिहिलेलं असतं. मेंढपाळ तेवढे तिथे दिसायचे.

या माळावर संध्याकाळी भोवत्ये यायचे. भोवत्या म्हणजे एक शिकारी पक्षी, सडपातळ, लांब पंखांचा, जमिनीलगत तरंगत जातो. हे हिवाळ्यात मध्य आशियातून येतात. भारतात ट्रान्समीटर बसवलेले मॉंटेग्यूचे भोवत्ये उन्हाळ्यात कझाकस्तानात पोचलेले नोंदले गेलेत. आपल्याकडे ते काय खातात? नाकतोडे, टोळ, उंदीर. म्हणजे शेतकऱ्याचं काम फुकटात. आणि गंमत म्हणजे झोपायला झाडावर जात नाहीत. अंधार पडायला लागला की एकेक करून गवतात उतरतात आणि जमिनीवरच झोपतात. त्यासाठी उंच, न तुडवलेलं गवत लागतं. झाड नाही, गवत.

पहिल्या हिवाळ्यात मी तिथे अनेकदा थांबलो. चहाचा थर्मास, बाइक बंद, आणि एकेक भोवत्या उतरताना बघायचा. सोबत डोंबारी, चंडोल. एकदा पखुर्ड्यांची जोडी. आणि भोरड्यांचे थवे, ज्वारीवर ताव मारून परतणारे, आकाशात धूर वळावा तसे वळणारे. किती भोवत्ये असायचे? सात? नऊ? दहा? मला सांगता येणार नाही. कारण मी लिहिलंच नाही. नाथसागर हा माझा ‘प्रोजेक्ट’ होता, माळ हा परतीचा चहा होता.

दुसऱ्या हिवाळ्यात, सरांनी कान धरल्यावर, लिहायला लागलो. सहा. पाच. सहा. चार.

तिसरा हिवाळा, म्हणजे हाच चालू असलेला. नोव्हेंबरात गेलो तर माळ सपाट. जेसीबीनं गवत खरवडलेलं, चुन्याच्या रेघा, कोपऱ्यात सिमेंटचे खुंट. प्लॉटिंग. मी तरी थांबलो. चहा प्यायलो. अंधार होईपर्यंत एकही भोवत्या आला नाही. एक आला असं वाटलं, ती घार होती.

मालकाला दोष देणं सोपं आहे, मी देणार नाही. मुरमाड जमीन, पिकत नाही, चार पैसे मिळतात तर कोण सोडेल? माझ्या आजोबांना वर मिळालेली जमीन अशीच होती. त्यांना कोणी चांगला भाव दिला असता तर त्यांनीही विकली असती.

पण नंतर एका बैठकीत मी हा विषय काढला, की आपल्या भागातले निदान उरलेले माळ तरी नोंदवून ठेवू. तर मला सरळ प्रश्न आला : “तिथे किती पक्षी होते, कधीपासून, काही रेकॉर्ड आहे का?” आणि माझ्याकडे होती एका हिवाळ्याची वही आणि एक हललेला फोटो.

तेव्हा मला त्या दोन शून्यांमधला फरक कळला. नाथसागरावरचं शून्य हे पाण्याचं शून्य आहे. पाणी उतरेल, गाळ उघडा पडेल, टिलवे परत येतील. माळावरचं शून्य तसं नाही. माळाला पातळी नसते, तो पुढच्या वर्षी ‘उतरत’ नाही. गेला की गेला. बाहेरून दोन्ही शून्यं सारखीच दिसतात. ओळखायची तर वर्षानुवर्षं लिहिलेलं पाहिजे.

प्रोग्रामिंग करणाऱ्यांना माहितीये, नल आणि शून्य या वेगळ्या गोष्टी आहेत. शून्य म्हणजे मी गेलो, बघितलं, नव्हतं. नल म्हणजे कोणी गेलंच नाही. आपल्या माळरानांची बहुतेक माहिती नल आहे. आणि नलच्या जोरावर कोणतंही भांडण लढता येत नाही.

हे फक्त माझ्या माळापुरतं नाही. २०२३ साली ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा अहवाल आला. देशभरातल्या तीस हजारांवर पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवरून ९४२ जातींचा आढावा घेतलाय. ज्या ३३८ जातींचा दीर्घकालीन कल काढता आला, त्यातल्या ६० टक्के घटल्यात. गवताळ आणि उघड्या जागांवरचे पक्षी जास्त अडचणीत आहेत. हे कुणाच्या दोन खांबांच्या ग्राफवरून नाही आलं. हजारो लोकांनी जे दिसलं ते आणि जे दिसलं नाही तेही प्रामाणिकपणे लिहिलं, म्हणून आलं.

आणि नाथसागरावरही आता नवीन काहीतरी येऊ घातलंय, पाण्यावर तरंगणारे सोलर पॅनल. त्याविरुद्ध मासेमारी करणाऱ्या समाजाच्या लोकांनी दाद मागितली, प्रकरण हरित लवादाकडून सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि मे २०२५ मध्ये याचिका फेटाळली गेली. चांगलं की वाईट यावर आपण वेगळा भाग करू, कारण वीज आपल्यालाही लागते, माझा लॅपटॉप काय हवेवर चालतो? मी एवढंच म्हणतो, पॅनल यायच्या आधी कुठल्या काठावर, कुठल्या पातळीला, काय होतं हे लिहिलेलं असलं पाहिजे. नंतर विचारलं तर परत हललेला फोटो दाखवायची वेळ यायला नको.

तर काय करायचं? सोपं आहे.

ईबर्ड नावाचं मोफत अ‍ॅप आहे. एक ठरावीक जागा निवडा, लांब नको, तुमच्या घराजवळचं तळं किंवा माळही चालेल. पंधरा मिनिटं थांबा. शेवटी अ‍ॅप विचारतं, तुम्हाला ओळखता आलेले सगळे पक्षी नोंदवलेत का? तिथे ‘हो’ म्हणता येईल अशी यादी करा. म्हणजे कावळा, साळुंकी, कबूतर, सगळे. फक्त भारी पक्षी लिहिले तर यादी भारी दिसते, कामाची राहत नाही. सगळे लिहिले की जे यादीत नाही ते खरंच नव्हतं हे आपोआप नोंदलं जातं. पाण्याकाठी असाल तर पातळी लिहा, माळावर असाल तर गवत गुडघ्यापर्यंत आहे की खुरटलंय ते लिहा. गाळात आत जाऊ नका, आणि संध्याकाळी गवतात भोवत्ये झोपतात तिथे फोटोसाठी घुसू नका. आणि ग्राफ टाकायच्या आधी कुणातरी सरांना दाखवा.

थोडेच आठवडे आहेत. पुढच्या महिन्यात नाथषष्ठी. पैठणला दिंड्या यायला लागतात त्याच सुमाराला पाण्यावरचे पाहुणे निघायला लागतात. पट्टकादंब उत्तरेकडे, भोवत्ये उत्तरेकडे.

परवा रविवारी मी गेलो होतो. या वर्षीही धरण भरलेलं होतं, पाणी अजून बाभळींत आहे. बारा जाती. टिलवे शून्य, तेही लिहिलं. परतीच्या वाटेवर माळाच्या जागेवर थांबलो, भोवत्ये शून्य, लिहिलं. घरी आलो तर आजी ओट्यावर बसली होती. तिनं नेहमीचं विचारलं, आड दिसला का. नाही म्हटलं, वर खूप पाणी आहे.

“बरं झालं,” म्हणाली.

ते पण वहीत लिहिलंय.

चला मंडळी, भेटू पुढच्या भागात. तुमची जागा कोणती आणि तिथलं पाणी किती, ते मला नक्की कळवा. नमस्कार.